दिवा सहा

'काय दिवे लावलेत!' असं पहिल्यांदा ज्याने कोणी कुणाला सुनावलं असेल, त्याला माझ्यासारखा एखादा जावई असला पाहिजे. मी पोटासाठी दिवेच लावतो. दुकानांच्या काचेच्या कपाटांत, छतांत, आरशांच्या कडेने. बुटांच्या दुकानात कुठला दिवा लावला की जुना माल नवा वाटतो, खाटकाकडे कुठला लावला की मांस ताजं दिसतं, कपड्यांच्या दुकानातल्या आरशावर कुठला लावला की गिऱ्हाईक स्वतःच्या पोटाकडे काणाडोळा करतं, हे मला झोपेतून उठवून विचारा. कामावर मला सगळे हॅलोजन म्हणतात. मला ते कौतुक वाटायचं. त्यात माझ्या टकलाचाही वाटा आहे हे फार उशिरा कळलं.

माझे सासरे बरोबर उलट. त्यांनी चाळीस वर्षं अंधारात काढली. एका फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये ते फोटो धुवायचे. लाल बल्बखाली उभं राहायचं, कोऱ्या कागदावर उजेड पाडायचा आणि तोंडाने मोजायचं, एक, दोन, तीन. आठ म्हटलं की उजेड बंद. दहापर्यंत रेंगाळलं की कागद काळवंडलाच. त्यामुळे उजेड ही त्यांच्या लेखी औषधासारखी वस्तू होती, मापून द्यायची. निवृत्त झाले तरी मोजण्याची सवय गेली नाही. जिना चढताना पायऱ्या मोजायचे, चहा ढवळताना चमच्याचे वेढे मोजायचे, आणि मी बोलायला लागलो की, माझा संशय आहे, सेकंद मोजायचे.

आमचं लग्न ठरलं तेव्हा हॉलचं लाइटिंग मीच केलं. परक्या माणसाच्या हातात माझं लग्न द्यायला मी काय वेडा होतो? असे दिवे लावले की पाहुणे घामाघूम झाले आणि एका म्हाताऱ्या आत्याने भर हॉलमध्ये छत्री उघडली. फोटो अर्थातच सासऱ्यांनी स्वतः धुतले. महिन्याभराने अल्बम आला. त्यात हार होते, कपडे होते, आणि कपड्यांच्या वर पांढरेफटक गोळे होते. सासरे शांतपणे पानं उलटत होते. शेवटी एका फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "इथे मुलगी थोडी दिसते. जावई कुठेच दिसत नाहीत." जरा थांबून म्हणाले, "असो."

त्या 'असो'च्या सावलीत मी एकवीस वर्षं काढली. माणूस वाईट नव्हता. मला कधी वाकडं बोलले नाहीत. पण त्यांनी मला कधी काही सांगितलंही नाही, मागितलंही नाही. घरात साधा बल्ब गेला तरी स्टुलावर चढून स्वतः बदलायचे. जावई दिव्यांचा धंदा करतो आणि सासरा सत्तरीत स्टुलावर चढतो, याहून मोठा अपमान काय असतो ते मला माहीत नाही.

स्टुडिओ बंद पडला तेव्हा बाहेरच्या खोलीतली काचेची माशांची टाकी त्यांनी घरी आणली. फोटोला आलेली पोरं रडायला लागली की त्यांना त्या टाकीसमोर बसवायचे म्हणे. अडीच फूट लांब टाकी, मागे लांब पानांची दोन झाडं, आणि सात मासे. पाच केशरी, दोन पांढरे. सासूबाई गेल्यानंतर घरात हलणारं तेवढंच उरलं होतं. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे टाकीसमोर उभं राहून मासे मोजायचे, मोठ्याने. सात आले की दिवस सुरू.

एक दिवस पाच आले. दुसऱ्या दिवशी सहा, तिसऱ्या दिवशी पुन्हा पाच. शेजारणीला बोलावून मोजायला सांगितलं, तर सात. मासे सगळे जिवंत होते. नाहीसा झाला होता तो सासऱ्यांच्या उजव्या डोळ्याचा एक कोपरा. डावा डोळा लहानपणापासून नावापुरताच होता, म्हणजे जे काही बघायचं ते या एका डोळ्याने. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा सुटलाय, लगेच ऑपरेशन. तसला डॉक्टर माझ्या मेव्हणीच्या शहरात होता. सात आठवडे तिकडेच राहायचं ठरलं, त्यातले पहिले काही दिवस पालथं पडून. नजर परत येईलही, नाहीही येणार, असं त्यांना स्वच्छ सांगितलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही टाकी तुमच्याकडे ठेवाल?"

एकवीस वर्षांत पहिली मागणी. मी छाती फुगवून म्हटलं, "बाबा, अगदी निर्धास्त जा."

"निर्धास्त कसला. परत आलो की पहिल्यांदा हिच्यासमोर उभा राहणार आहे. डॉक्टरांचे तक्ते मला कळत नाहीत. सात मासे दिसले तर डोळा आला. नाही दिसले तर नाही आला." मग खिशातून चार ओळींची चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. "यात सगळं आहे. तेवढंच करा."

चिठ्ठी अशी होती. खाणं चिमूटभर, एकदाच. पाणी आठवड्याला चौथा भाग बदलणे. खिडकीपासून लांब. दिवा सहा, जास्त नको.

आता माझी बाजू ऐका. ज्याने हयातभर दिवे विकले त्याच्या हातात कोणी 'दिवा सहा' लिहून दिलं, तर त्याने काय समजायचं? सहा वॉट. सहा वॉटमध्ये मासे काय, चोरसुद्धा चाचपडेल! मला सासऱ्यांची कीव आली. म्हटलं, डार्करूमचा माणूस, अंधाराची सवय, त्यांना काय कळणार. हे परत येतील तेव्हा अधू डोळ्यालासुद्धा सात मासे दिसले पाहिजेत. त्यासाठी काय लागतं? उजेड! आणि उजेडाच्या बाबतीत या गावात माझा हात धरणारा कोण आहे?

टाकी मी आमच्या बैठकीत ठेवली, खिडकीखाली, कारण तिथे सकाळचं ऊन मस्त येतं. जुना दिवा उतरवून माळ्यावर टाकला. त्याच्या जागी दागिन्यांच्या दुकानात लावतो ती छत्तीस वॉटची पांढरी पट्टी बसवली. सकाळी सहाला लावायची, झोपताना बंद करायची. पहिला आठवडा टाकी अशी झळकत होती की समोरच्या इमारतीतल्या बाईने नवीन टीव्ही घेतला का म्हणून विचारलं. बायको म्हणाली, "अहो, मासे झाडामागे जाऊन बसलेत. डोळे दिपले असतील त्यांचे." मी म्हटलं, "होईल सवय." मासे बाहेर यावेत म्हणून दिवसातून तीनदा खाणंही टाकायला लागलो.

दुसऱ्या आठवड्यात काचेवर हिरवी झाक आली. मी जुन्या कार्डाने खरवडून काढली, दोन दिवसांत परत आली. तिसऱ्या आठवड्यात पाणीच हिरवट दिसायला लागलं. यावर माझ्यातल्या तज्ज्ञाने काय निदान करावं? गढूळ दिसतंय, म्हणजे उजेड कमी पडतोय. मी दुसरी पट्टी लावली. चार दिवसांनी पाणी असं झालं की दोन्ही पांढरे मासे कधीतरी काचेला नाक लावून जायचे तेवढेच दिसायचे, आणि केशरी फक्त अफवा म्हणून उरले होते.

दर रविवारी मेव्हणीच्या फोनवरून सासऱ्यांचा आवाज यायचा. "किती?"

"सात!" मी टाकीकडे पाठ करून सांगायचो.

"बरं," म्हणायचे आणि फोन ठेवायचे. त्या 'बरं'मध्ये इतका विश्वास असायचा की मी लगेच जाऊन टाकीत आणखी एक चिमूट खाणं टाकायचो. मासे जिवंत होते, खाणं टाकलं की पाणी हलायचं, म्हणजे तसं मी खोटं बोलत नव्हतो. पण बायको माझ्याकडे बघायची तेव्हा मला ते खोटंच वाटायचं.

सहाव्या आठवड्यात मी माझ्या धंद्यातली शेवटची युक्ती काढली. खाटकाच्या दुकानासाठी गुलाबी दिवा येतो. त्याने फिकं ते लाल दिसतं. म्हटलं, हिरव्यावर गुलाबी मारला की हिरवं मरेल. हिरवं मेलं खरं. टाकीत कोरा चहा भरल्यासारखं दिसायला लागलं. बायको दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. मग अगदी हळू म्हणाली, "बाबांना डोळा यावा म्हणून मी रोज जीव मुठीत धरून बसते. आणि तुम्ही त्यांना हे दाखवणार?" ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी मुकाट्याने बाटलीत पाणी भरून मासेवाल्याकडे गेलो. त्याच्या दुकानात चाळीस टाक्या आणि सगळ्यांवर मिणमिणते दिवे. माझ्या व्यवसायाला ते बघवेना. त्याने बाटली उजेडासमोर धरली आणि विचारलं, "दिवा किती वेळ लावता?"

"सोळा तास," मी म्हटलं. "आणि ऊन येतं थोडं."

"दिवा कितीचा?"

मी आकडा सांगितला. त्याने बाटली खाली ठेवली. "हे कुठल्या गाढवाने केलं?"

इथे माणसाची परीक्षा असते. मी एक क्षणही न घालवता म्हटलं, "सासऱ्यांनी."

"म्हाताऱ्या माणसांना हौस असते," तो जरा मवाळ झाला. "त्यांना सांगा, शेवाळ म्हणजे शेवटी झाडच आहे. उजेड दिलात, वरून खाणं दिलंत, ते वाढणारच, त्याचा काय दोष? औषध-बिवध ओतू नका. तिसरा भाग पाणी बदला, खिडकीपासून हलवा, टाकीवर जाड काळं कापड टाका आणि चार दिवस उघडू नका. मासे अंधारात मरत नाहीत, शेवाळ मरतं. मग पुन्हा तिसरा भाग पाणी बदला. नंतर दिवा रोज सहा तास. त्याच्यावर एक मिनिट नाही."

सहा! माझ्या डोक्यात काहीतरी टणकन वाजलं, पण मी ते वाजू दिलं नाही. चूक एवढ्या मोठ्या आकाराची असली की ती एकदम घरात घेता येत नाही.

सासरे शनिवारी येणार होते. सोमवारी मी पाणी बदललं, टाकी आतल्या भिंतीला हलवली आणि दोन काळ्या चादरी गुंडाळल्या. शुक्रवारी उघडायची, शनिवारी स्वच्छ पाण्यात सात मासे. हिशेब चोख बसला होता. मंगळवारी दुपारी बेल वाजली आणि दारात बायकोबरोबर सासरे उभे. डॉक्टरांनी आधीच सोडलं म्हणून मेव्हणीने गाडीत बसवून दिलं होतं, आणि बायकोने मला फोन केला होता. माझा फोन काळ्या चादरीखाली टाकीच्या झाकणावर राहिला होता.

ते वाळले होते. नवा जाड चष्मा होता. बायको चहा टाकायला आत गेली. सासरे चपला काढून सरळ आत आले, काळ्या चादरींकडे बघून थबकले, आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी सफाईने त्या वर दुमडल्या. काळा पडदा उचलायला त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. मग हात मागे बांधून उभे राहिले.

"एक," ते म्हणाले. "दोन." मध्ये बराच वेळ गेला. "तीन."

चार आलंच नाही.

ते काचेजवळ गेले, मागे आले, पुन्हा जवळ गेले. "किती आहेत?"

"सात."

"एखादा मेला नाही ना? खरं सांगा."

"नाही बाबा. सातही आहेत."

"मग राहिलं ते," ते म्हणाले. "येताना गाडीतून झाडं-घरं दिसत होती, म्हणून मला वाटलं जमलं. पण हे सगळं हिरवट, धुरकट दिसतंय." खुर्ची ओढून बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. आवाज अगदी साधा होता. "डॉक्टर म्हणालेच होते, काही जणांचं परत येत नाही. असो."

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला वाटलं, वाचलो! त्यांना शेवाळ कळलं नाही. चहा पाजून घरी पाठवू, शनिवारी स्वच्छ टाकी दाखवू, चमत्कार झाला म्हणू. एवढा विचार करायला मला दोन सेकंद लागले असतील. तेवढ्यात त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला, आता त्याचा काही उपयोग नाही अशा थाटात. ज्या माणसाचे हात चाळीस वर्षं अंधारात चुकले नव्हते त्याला चष्म्याची काडी मिटवेना, हे बघून मला भडभडून आलं.

"बाबा, डोळा नाही, पाणी खराब आहे," मी म्हटलं. "मी केलंय ते. शेवाळ आहे."

"माझं मन राखू नका."

"अहो खरंच! तुमचा डोळा माझ्यापेक्षा बरा आहे. तुम्हाला तीन दिसले, मला दोनच दिसतायत."

"फोनवर तर दर रविवारी सात सांगत होतात."

खोटं बोलणाऱ्याची हीच पंचाईत असते. खरं सांगायची वेळ येते तेव्हा पत उरलेली नसते. मी स्वयंपाकघरात पळालो, दोन काचेचे ग्लास आणले. एकात टाकीतलं पाणी भरलं, एकात प्यायचं, आणि पांढऱ्या भिंतीसमोर धरले. "कुठला हिरवा?"

त्यांनी चष्मा घातला, माझ्या हातातून ग्लास घेतले, पाठ फिरवून त्यांची अदलाबदल केली, मग खिडकीजवळ जाऊन उजेडासमोर धरले. जुन्या कामाला लागल्यासारखा चेहरा झाला होता. "हा," ते म्हणाले. मग दुसऱ्याकडे बघून, "आणि हा स्वच्छ. तळाशी चहाच्या भुकटीचा कण आहे. नीट धुतला नाहीत."

मी वाकून बघितलं. मला कण दिसला नाही. बायकोने आतून येऊन बघितलं, तिला दिसला. ती ट्रे तसाच खाली ठेवून जमिनीवरच बसली आणि रडायला लागली.

त्यानंतर मी सगळे पुरावे हजर केले. दागिन्यांची पट्टी, दुसरी पट्टी, खाटकाचा गुलाबी दिवा. सासरे एकेक हातात घेऊन बघत होते. गुलाबी दिव्यापाशी त्यांचे खांदे हलायला लागले. एकवीस वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं, आणि ते थांबेनात. "म्हणजे तुम्ही," ते डोळे पुसत म्हणाले, "शब्दशः दिवे लावलेत."

"डोळा चोळू नका, बाबा," बायको ओरडली.

"अहो पण चिठ्ठीत लिहिलं होतं की, दिवा सहा," सासरे मला म्हणाले.

"सहा वॉटला काय होतंय, बाबा? मी म्हटलं..."

"वॉट?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "सहा तास!"

"तास कुठे लिहिलं होतं?"

"उजेड दुसऱ्या कशात मोजतात?"

"वॉटमध्ये!"

दोन माणसांनी हयातभर एकाच गोष्टीवर पोट भरलं होतं आणि एकवीस वर्षांत दोघांना एकमेकांचं मापच कळलं नव्हतं. "फोटोच्या कागदाला विचारा," ते हळू म्हणाले. "दिवा मोठा की लहान हे त्याला एका मर्यादेपर्यंत चालतं. किती वेळ, हे तो कधी विसरत नाही." मग उठून त्यांनी चादरी खाली सोडल्या, कडा दाबून घेतल्या. "चार दिवस कोणी हात लावायचा नाही."

शनिवारी पुन्हा पाणी बदललं. त्यांचा जुना दिवा माळ्यावरून काढला. सहा वॉटचा नव्हताच, आठचा निघाला. दुपारी बाराला लावला. पाणी अजून किंचित धुरकट होतं. सासरे उभे राहिले, हात मागे. पाचापर्यंत भराभर आले. सहावा झाडामागून निघाला. मग इतका वेळ गेला की बायकोने माझा दंड घट्ट धरला.

"सात," ते म्हणाले, आणि चहा मागितला.

पुढच्या आठवड्यात ते म्हणाले, काच पुसायचा स्पंज आणायचाय, मला त्या दुकानात न्या. मी हजार सबबी सांगितल्या. एक चालली नाही. मासेवाल्याने मला ओळखलं, शेजारी उभ्या म्हाताऱ्याकडे बघितलं, जाड चष्म्याकडे बघितलं आणि समजुतीच्या आवाजात सुरू झाला, "हेच का सासरे? काका, अहो एवढा दिवा लावतात का कोणी? सोळा तास? माशांचा जीव जायचा. जावई किती काळजीत होते तुमचे!"

माझे कान तापले. सासऱ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी मनात मोजत होतो, आणि चारपर्यंत आलो तोवर ते पुन्हा मासेवाल्याकडे वळले होते.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "चिठ्ठीत तास लिहायचं राहिलं."

मासेवाल्याला चिठ्ठीचं काही कळलं नाही. त्याने स्पंज कागदात गुंडाळून दिला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाबा, मी त्याला सांगितलं होतं की..."

"डार्करूमचा एक नियम होता," ते पायऱ्या मोजत उतरत होते, त्यामुळे जरा थांबून पुढचं बोलले. "आत काय बिघडलं ते दार उघडून सांगायचं नाही. तुमच्या लग्नाचे फोटो माझ्या हातून दोन सेकंद कमी पडले होते. थोडं थांबलो असतो तर चेहरे आले असते." शेवटची पायरी उतरून त्यांनी माझ्या दंडाला धरलं. "किती वाजले? सहाला दिवा बंद करायचाय. आणि मला घरी सोडलंत की आमच्या बैठकीतला बल्ब तेवढा बदलून द्या. मला आता स्टुलावर चढवत नाही."